पालकत्वाचा कागद हवाच

फोंड्याच्या ताई, बौद्धिक अक्षमता असलेल्या तुमच्या मुलाबद्दल ‘आम्ही आई-बाप जिवंत असताना पालकत्वाचा कागद (कायदेशीर पालक नेमल्याचा कागद) कशाला?’ असं तुम्ही विचारलंत. मुलगा १८ वर्षांचा झाला की कायद्याने सज्ञान. मग बौद्धिक अक्षमता कितीही असो, केवळ आई म्हणून त्याच्या वतीनं केलेली तुमची सही पुरत नाही.

त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची गरज नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, बहुविकलांगता एवढ्यांसाठीच हा रस्ता आहे. तुमचा तालुका दक्षिण गोव्यात, म्हणजे त्यासाठी मडगावला जायचं. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, शिवाय दरवर्षी हिशेब. हे कुणी सांगत नाही.

गोव्यात तर हा कागद जास्तच लागतो. आपल्या वारसा कायद्यात निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते, मृत्युपत्रानं ती सहसा दुसऱ्याला देता येत नाही. तेव्हा तुमच्या पश्चात घरात, भाटात (नारळी-पोफळीच्या बागेत) त्याचा वाटा येणारच. भावंडांना वाटणी करायची झाली तर त्याच्या वतीनं सही कोण करणार? ‘दादा बघतो ना त्याचं’ हे नोटरीपुढे चालत नाही.

राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याचंही बघा, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर आधी ते काढा. आणि थोरल्याला पुढे पालक करायचं मनात असेल तर त्याला आत्ताच विचारा, सुनेसमोर.