शब्दचर्चा: ऑक्टोपसची 'शेती', 'पालन' की 'संवर्धन'?

टीपकागद: एका लेखाचं भाषांतर करते आहे. विषय: ऑक्टोपस टाक्यांत वाढवून मांसासाठी विकणं. नुएवा पेस्कानोव्हा या स्पॅनिश कंपनीची ग्रान कनारिया बेटावर वर्षाला सुमारे ३,००० टन ऑक्टोपस काढण्याची योजना आहे, त्याबद्दल. मी 'ऑक्टोपस संवर्धन' असं लिहिलं, कारण 'कोळंबी संवर्धन' रुळलेलं आहे. मसुदा वाचून मैत्रीण म्हणाली, "अगं, ऑक्टोपस नामशेष व्हायला लागलेत का?" तेव्हापासून अडकले आहे.

खलबत्ता: 'शेती' लिहा आणि मोकळ्या व्हा. मोत्यांची शेती चालते, रेशीमशेती चालते, मग यानेच काय घोडं मारलंय?

अनुस्वार: मैत्रिणीची शंका रास्त आहे. 'संवर्धन' म्हणजे वाढवणं, पण मराठीत ते दोन उलट टोकांची कामं करतं. 'वन्यजीव संवर्धना'त जीव वाचवायचा असतो, 'मत्स्यसंवर्धना'त ताटासाठी वाढवायचा असतो. मासळीच्या बाबतीत सवयीने कळतं. ऑक्टोपसच्या बाबतीत वाचकाला तशी सवय नाही.

शिवाय इथे हा घोळ निरुपद्रवी नाही. 'टाक्यांत वाढवले की समुद्रातल्या ऑक्टोपसवरचा ताण कमी होईल' हाच तर या धंद्याच्या बाजूचा मुख्य युक्तिवाद. 'संवर्धन' लिहिलंत की तो न मांडताच मान्य होतो. प्रत्यक्षात ऑक्टोपस पक्का मांसाहारी. खेकडे, शिंपले, मासे खातो. किलोभर वजन वाढायला साधारण तीन किलो खाद्य लागतं, आणि ते बहुतेक समुद्रातूनच उपसावं लागतं. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना तर जिवंत भक्ष्य लागतं. टाक्यांतलं नत्र-स्फुरदाने भरलेलं सांडपाणी पुन्हा समुद्रातच जाणार, ते वेगळंच. ताण कमी कुठे झाला?

'पालन'ही मला खटकतं. शेळ्या-कोंबड्या कळपात राहणाऱ्या, पिढ्यानपिढ्या माणसाळलेल्या. ऑक्टोपस एकलकोंडा; दाटीत ठेवला तर शेजाऱ्यालाच खाऊ शकतो. पाळीव झालेलाच नाही, त्याचं पालन कसलं?

खलबत्ता: मग 'शेती'च उरली की, काका!

अनुस्वार: उरली, पण तिच्या पाठोपाठ 'पीक' आणि 'काढणी' येतात. कोळंबीवाले बिनदिक्कत 'काढणी' म्हणतात. टीपकागद, लेखात मारण्याची पद्धत दिली आहे का?

टीपकागद: आहे. उणे ३ अंशांच्या बर्फाळ पाण्यात सोडून. प्रकल्पाची कागदपत्रं २०२३ मध्ये बाहेर आली, त्यात हे होतं. आणि कबूल करते, त्या वाक्यात मी 'काढणी' लिहिलं होतं. खोडलं आत्ताच. 'कत्तल' लिहू?

अनुस्वार: 'कत्तलखाना' निर्विकार आहे, पण सुटी 'कत्तल' आरोप करते. मूळ लेखक आरोप करत नसेल तर साधं 'मारणं' लिहा.

कोळीष्टक: उशिरा आले. ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणीविषयक कायद्यात ऑक्टोपसलाही 'सेंटियंट', म्हणजे सुखदुःख जाणवणारा, धरलंय, तो शब्द कसा केलात?

टीपकागद: 'संवेदनशील'.

कोळीष्टक: नको गं. संवेदनशील कवी असतात, नाहीतर मतदान केंद्रं. 'वेदनाक्षम' म्हणशील तर तेही अपुरं, कारण त्यात फक्त दुखणं येतं. सुखावणं, कंटाळणं बाहेरच राहतं, आणि ऑक्टोपसच्या बाबतीत कंटाळा हा मोठा मुद्दा आहे. सुमारे ५० कोटी चेतापेशी, त्यातल्या दोन-तृतीयांश भुजांत. भुजा स्वतंत्रपणे चाचपत, चाखत फिरतात. त्याला उघड्याबोडक्या टाकीत काय मिळणार? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या २०२१ च्या अहवालाचा निष्कर्षच असा की त्याची चांगली निगा राखून शेती करणं अशक्य आहे. म्हणून 'संवेदनक्षम' घे.

टीपकागद: घेतलं. शेवटच्या परिच्छेदात कॅलिफोर्नियाचा २०२४ चा कायदा आहे. तिथे ऑक्टोपसची अशी शेतीही बंद आणि अशा शेतीतल्या ऑक्टोपसची विक्रीही. वॉशिंग्टन राज्याने त्याच वर्षी आधी शेतीवर बंदी आणली होती. तिथे 'शेतीबंदी' फारच विचित्र दिसतंय.

खलबत्ता: बंदी नांगरावर आल्यासारखी. बरं, माझी 'शेती' मागे घेतो.

अनुस्वार: 'मांसासाठी बंदिस्त वाढ' लिहा. लांब आहे, पण काय चाललंय ते कळतं. मथळ्यात 'ऑक्टोपसची शेती' अवतरणचिन्हांत चालेल.

टीपकागद: आणि 'ऑक्टोपस'ऐवजी 'अष्टपाद'?

कोळीष्टक: आठ पाय कोळ्यालाही असतात. ऑक्टोपसच ठेव. फक्त एक बघ, मराठीत त्याचं अनेकवचनही ऑक्टोपसच. त्यामुळे '३,००० टन ऑक्टोपस' वाचताना तांदूळ मोजल्यासारखं वाटतं. लेखात नगांचा आकडा आहे का?

टीपकागद: आहे, कंसात. सुमारे दहा लाख.

कोळीष्टक: कंसातून बाहेर काढ. टन जाऊ देत कंसात.