घरच्या कुत्र्याला हार्नेसमध्ये ओढायला शिकवणे – मार्गदर्शन हवे

सप्रेम नमस्कार मंडळी,

आमच्या घरी वाघ्या नावाचा मिश्र जातीचा कुत्रा आहे. वय अडीच वर्षे, वजन २६ किलो, आणि अंगात रग इतकी की दोन्ही वेळा तासभर फिरवून आणले तरी रात्री तो घरभर येरझारा घालत असतो. मागच्या मेळाव्यात आपल्यातील एका सभासदांनी कॅनिक्रॉसविषयी, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला कुत्रा जोडून त्याच्यामागे धावण्याविषयी, आणि बर्फ नसताना मातीच्या वाटेवर कुत्र्यांकडून स्कूटर ओढवून घेण्याच्या ड्रायलँड मशिंग या खेळाविषयी सांगितले होते. तेव्हापासून हे वाघ्यासाठीच आहे असे मनात घोळते आहे.

अडचण अशी, की दोन वर्षे खपून मी त्याला दोरी न ओढता शेजारून चालायला शिकवले आहे. आता ओढायला शिकवले तर ती मेहनत पाण्यात जाईल का? शिवाय मी उत्साहाने हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज, आणला, त्याच्या अंगावर चढवला आणि मागून दोरी ताणली, तर तो जागीच थांबला, मान वळवून माझ्याकडे पाहू लागला आणि काही केल्या पुढे पाऊल टाकेना. सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

आपली नम्र,
एक सभासद

*

ताई, नमस्कार.

मेळाव्यात बोललो तो मीच, म्हणून उत्तर देणे माझे कर्तव्य समजतो. वाघ्या थांबला याचे कारण तुमची शिकवण त्याने मनापासून पाळली, एवढेच आहे. दोरीला ताण आला की थांबायचे, हे त्याला दोन वर्षे सांगितले गेले आणि ताण आल्यावर तो थांबला. आता त्याला सांगायचे आहे ते इतकेच, की गळपट्टा घातलेला असताना जुना नियम लागू आहे आणि हार्नेस घातलेला असताना नवा. अंगावर काय घातले आहे यावरून कोणते काम आहे हे कुत्रा फार चटकन ओळखतो, मात्र त्यासाठी आपण नियम मोडता कामा नये. ओढण्याचा हार्नेस साध्या फेरफटक्याला कधीही वापरू नका. वाट सुरू होईपर्यंत वाघ्याला गळपट्ट्यावर शेजारून चालवत न्या, तिथे पोचल्यावर हार्नेस चढवा आणि काम संपताच तिथेच उतरवा. माझ्याकडची दोन्ही कुत्री वर्षानुवर्षे असे करत आली आहेत आणि गळपट्ट्यावर ती आजही ओढत नाहीत.

तुम्ही आणलेला हार्नेस कोणता, हे तुम्ही लिहिलेले नाही. फिरायला नेण्याचे बरेचसे हार्नेस खांद्यावरून आडवा पट्टा जाणारे असतात. त्यात कुत्र्याने जोर लावला की पुढच्या पायांची हालचाल अडते. ओढण्याच्या हार्नेसचा भार छातीच्या मधल्या हाडावर आणि बरगड्यांवर पडला पाहिजे. श्वासनलिका, खांद्याची पाती आणि कोपरे पूर्ण मोकळी राहिली पाहिजेत. हार्नेस चढवून दोरी जिथे अडकवतात ती कडी शेपटीच्या दिशेने खेचून धरा आणि मग गळ्याशी हात घालून पाहा: पट्टा मानेच्या मुळाशी घट्ट बसलेला असावा, पण वर घशाकडे सरकलेला नसावा. कमरेला बांधून धावायचे असेल तर दोरी कुत्र्याच्या पाठीवरून वर चढत येते, म्हणून बरगड्यांपाशी संपणारा आखूड हार्नेस बरा. स्कूटरला जोडलेली दोरी मागे जवळजवळ सरळ जाते, म्हणून तिथे शेपटीपर्यंत पोचणारा, पाठीवर फुली असलेला लांब हार्नेस चालतो.

आता शिकवण्याविषयी. इथे मी केलेली चूक आधी सांगतो, कारण तिची किंमत माझ्या पहिल्या कुत्रीने, ताराने, मोजली. हार्नेस अंगावर चढल्याच्या तिसऱ्याच दिवशी मी तिच्या मागे लाकडाचा एक छोटा ओंडका बांधला आणि तिला फरसबंद वाटेवर नेले. चार पावले ती नीट चालली. मग ओंडका एका सांध्यावर आपटून उडाला, मोठा आवाज झाला, ती दचकून पळाली, आणि ती जितकी जोरात पळे तितका तो ओंडका जोरात खडखडत तिच्या मागे येई. मी गाठेपर्यंत ती एका झुडपाखाली अंग चोरून थरथरत बसली होती. त्यानंतर चार महिने हार्नेस हातात घेतला की ती टेबलाखाली जाई. ओढायचा भार तिच्यासाठी कधीच जड नव्हता. पाठलाग करणाऱ्या आवाजाने तिला घाबरवले होते.

म्हणून वाघ्याला पहिले काही दिवस घरातच हार्नेस घाला, आवडता खाऊ द्या आणि दोन मिनिटांत काढून घ्या. तो स्वतःहून हार्नेसच्या फटीत डोके घालू लागला की हिरवळीवर नेऊन नुसती दोरी मागे सरपटू द्या. दोरीचा स्पर्श मागच्या पायांना झाल्यावर तो दचकत नाही ना, हे बघा. त्यानंतर दोन माणसे लागतात. घरातले त्याचे सर्वांत लाडके माणूस वीस-पंचवीस पावले पुढे जाऊन हाक मारील, आणि तुम्ही मागे दोरी हातात धरून अगदी हलका ताण द्याल. तो ताणाविरुद्ध एक पाऊल जरी पुढे टाकील, तरी त्याच क्षणी तोंडभरून शाबासकी द्या. तो थबकला, मागे वळला, तर ताण सोडून द्या. रागावू नका आणि मागे येऊन गळ्यात पडला तरी कुरवाळू नका, नाहीतर मागे येण्यातच फायदा आहे असा त्याचा समज होईल. तीन-चार वेळा झाले की तो अजून उत्सुक असतानाच घरी चला. वस्तू ओढायला देणे त्यानंतरचे: आधी जाड दोरखंडाचा तुकडा, मग सायकलचा जुना टायर, तोही हिरवळीवर आणि इतक्या लांब दोरीवर की तो टाचांना लागणार नाही.

याच काळात पुढे तोंड करून, दोरी ताणून शांत उभे राहणे शिकवा. मशर, म्हणजे कुत्र्यांकडून गाडी ओढवून घेणारे लोक, हे सर्वांत आधी शिकवतात आणि मला ते धावण्यापेक्षाही मोलाचे वाटते, कारण सुरुवातीला मागे वळून आलेला कुत्रा दोरीत पाय गुंतवून घेतो आणि सारी गडबड तिथूनच सुरू होते.

आज्ञांबाबत एक सुचवतो. आपल्याला साहजिकच ‘उजवीकडे’ आणि ‘डावीकडे’ म्हणावेसे वाटते, पण या दोन शब्दांचा अर्ध्याहून अधिक भाग एकच आहे, आणि वाऱ्यात, धावताना, दोन मीटर पुढे असलेल्या कुत्र्याच्या कानी तेवढाच पोचतो. मशर उजवीकडे वळण्यासाठी ‘जी’ आणि डावीकडे वळण्यासाठी ‘हॉ’ म्हणतात, त्यांचे स्वर एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. मराठीच हवी असेल तर ‘उजू’ आणि ‘डाव’ असे तोडके शब्द ठरवा आणि घरातल्या सर्वांनी तेच वापरा. रोजच्या फेरफटक्यात, प्रत्येक वळणाच्या जरा आधी, तो शब्द उच्चारत गेलात तर हे शिक्षण धावण्याविनाच होऊन जाते.

चाकांची घाई नको. आधी काही महिने कॅनिक्रॉस करा: रुंद कमरपट्टा, ताणल्यावर साधारण दोन मीटर भरेल अशी धक्का शोषणारी लवचीक दोरी, आणि एका झटक्यात सुटणारी कडी. स्कूटर किंवा सायकल घ्याल तेव्हा दोरी हँडलला बांधू नका. पुढच्या चाकावरून पुढे येणारा दांडा मिळतो, त्यामुळे सैल पडलेली दोरी चाकात जात नाही. उतारावर ब्रेक धरून दोरी ताठ ठेवायची असते, कारण वाहन कुत्र्याच्या अंगावर गेले तर त्याचा विश्वास एका क्षणात जातो. हेल्मेट आणि हातमोजे आपल्यासाठी, हे सांगायला नकोच.

आपला,
मेळाव्यात बोललेला सभासद

*

नमस्कार,

मी मंडळाचा जुना सभासद आहे आणि आयुष्यभर कुत्री पाळली आहेत. दोन्ही पत्रे वाचली आणि मनात एकच शब्द आला, तो म्हणजे ‘जुंपणे’. बैलाला आपण जुंपतो, कारण त्याच्यावाचून काम अडते. घरातल्या मुलासारख्या वाढवलेल्या प्राण्याला केवळ आपल्या हौसेसाठी जुंपावे का? शिवाय कुत्र्याला घाम येत नाही, धावताना त्याला काय होते हे तो सांगत नाही. याचे उत्तर मिळाले तर बरे होईल.

आपला,
एक ज्येष्ठ सभासद

*

काका, नमस्कार.

आपण विचारलेला प्रश्न प्रत्येकाने हार्नेस घेण्याआधी स्वतःला विचारावा असा आहे. जुंपलेल्या बैलाच्या नाकात वेसण असते, हाकणाऱ्याच्या हाती कासरा असतो. मशिंगमध्ये मशरच्या हातात कासरा नसतो. तो मागे असतो, कुत्रा पुढे असतो, आणि दोघांच्या मध्ये फक्त आवाज असतो. पुढे जायचेच नाही असे कुत्र्याने ठरवले तर मागून त्याला ढकलता येत नाही. म्हणूनच ही विद्या इच्छा जागी करण्यावर उभी आहे, आणि वाघ्याला हे आवडले नाही असे ताईंना दिसले तर त्यांनी ते सोडून द्यावे, असेच मी म्हणेन. सायबेरियाच्या उत्तरेकडील झोखोव्ह बेटावर सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांचे आणि घसरगाड्यांचे अवशेष सापडले आहेत. माणसाबरोबर ओढत धावणे या प्राण्याच्या वाट्याला फार जुन्या काळापासून आले आहे. पण प्रत्येक कुत्र्याला ते रुचेलच असे नाही.

उष्णतेविषयी आपली काळजी पूर्णपणे रास्त आहे. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, पंजांतून येणारा घाम नगण्य असतो, आणि हवेत दमटपणा असला की धापांचाही उपयोग कमी होतो. मी १५ अंश सेल्सिअसच्या वर कुत्र्यांना ओढायला लावत नाही. हवा दमट असेल तर त्याहून कमी तापमानालाही बेत रद्द करतो. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणे, लाळ चिकट होणे, हिरड्या गडद लाल होणे, चाल डळमळणे, यांतले काहीही दिसले तर तिथेच थांबून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे, वारा लागू द्यावा आणि मगच पशुवैद्याकडे न्यावे. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते.

काही कुत्र्यांना हा खेळ नाहीच. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या जातींना श्वास पुरत नाही. मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडे दीड वर्षापर्यंत वाढत असतात, तोवर भार नको. आज्ञा मात्र जरूर शिकवाव्यात. लॅब्रॅडॉरमध्ये एक आनुवंशिक दोष आढळतो, ज्यात दहा-पंधरा मिनिटांच्या जोराच्या धावण्यानंतर मागचे पाय लुळे पडतात. त्याला कारण असलेला जनुकातील बदल २००८ साली सापडला आणि त्याची चाचणी करता येते. ताईंनी वाघ्याला सुरुवातीआधी एकदा तपासून घ्यावे, धावण्याआधी दोन-तीन तास पोटभर खायला देऊ नये आणि प्रत्येक वेळी परतल्यावर चारही पंजांच्या गाद्या बोटे फिरवून बघाव्यात, कारण खडीवर त्या सोलवटतात आणि कुत्रा ओढण्याच्या आनंदात लंगडतही नाही.

ताई, टायर बांधण्याआधीच्या टप्प्यावर पुढे थांबून हाक मारायला कोणी नसेल तर मला कळवा. मी येऊन दोरी धरीन, पुढे मात्र तुम्हीच उभ्या राहा.

आपला,
मेळाव्यात बोललेला सभासद