‘मोफत’ म्हणाले आणि शेवटच्या पानावर पैसे मागितले. आयकराचं रिटर्न कुठे भरू?

कातळावरची बाई, देवगड
तीस वर्षं शाळेत वजाबाकी शिकवली, यंदा एका अ‍ॅपने माझीच केली. मला पेन्शन, बँकेत ठेव आणि घरामागच्या कातळावर सत्तर हापूस कलमं. गेल्या आर्थिक वर्षात ८४ हजार व्याजावर बँकेने ८,४०० कर म्हणून कापले, ते परत मिळावेत एवढंच. जाहिरातीत ‘रिटर्न पूर्ण मोफत’. ओसरीवर बसून (रेंज तिथेच येते) दीड तास भरत होते. वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) काढून आंब्याचे पैसे प्रामाणिकपणे लिहिले आणि फुकटाचे १,४९९ झाले! गणपतीला आलेला भाचा म्हणतो, आंबा करमुक्तच, खोडून टाक. खोडू का? मुदत १५ सप्टेंबर २०२५, आणि परवा गौरी यायच्यात.

खतावणी, रत्नागिरी
बाई, अजिबात खोडू नका. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी दाखवावं लागतं. ५ हजारांपर्यंत असेल तरच आयटीआर-१ हा सोपा फॉर्म, तुम्हाला आयटीआर-२ लागणार. तुमच्या अ‍ॅपने तिथेच पैसे लावले. या खासगी कंपन्या आयकर खात्याकडे ‘ई-रिटर्न इंटरमीजिअरी’ (मध्यस्थ) म्हणून नोंदलेल्या असतात, योजना २००७ ची. दर त्यांचे त्या ठरवतात. खात्याच्या स्वतःच्या पोर्टलवर मात्र कुठलाही फॉर्म फुकट. तेही खासगी कंपनीनेच, इन्फोसिसने बांधलंय, जून २०२१ पासून चालू आहे. पण दार सरकारचं. पेन्शन, टीडीएस (आधीच कापलेला कर) बरंचसं आधीच भरून येतं. आंबा ‘ईआय’ या करमुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात: पट्टीची रक्कम, त्यातून फवारणी, पेट्या, राखणदार वजा. निव्वळ ५ लाखांच्या आत असेल तर जमिनीचा तपशील लागत नाही.

मालवणी माणूस
फुकट ता पौष्टिक म्हणान गेल्यार असाच होता! गेल्या वर्षी बँकेत १५-एच (मला कर बसत नाही असं ज्येष्ठांनी लिहून द्यायचा फॉर्म) दिलं असतंत तर कापलेच नसते. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी व्याजावर कर कापण्याची मर्यादा ५० हजारांवरून १ लाख झालीय, म्हणजे एवढ्याच व्याजावर आता कापणार नाहीत.

वेंगुर्ल्याचा, सध्या न्यू जर्सी
आमच्याकडे अमेरिकेत तर सरकारने २००२ मध्ये कंपन्यांशी करारच केला: कमी उत्पन्नवाल्यांचं रिटर्न तुम्ही फुकट भरून द्या, आम्ही आमची वेगळी सोय काढणार नाही. झालं काय, तर फुकटाचं पान गूगलवर सापडू नये अशी तजवीज काही कंपन्यांनी केली, ते २०१९ मध्ये उघड झालं. मग ‘वेगळी सोय काढणार नाही’ हे कलम करारातून काढलं. सरकारची स्वतःची सोय आली थेट २०२४ मध्ये, तीही आधी १२ राज्यांत. इतकी वर्षं लोक फुकट मिळणाऱ्या कामाचे पैसे मोजत होते. तुमचं दार सरकारच्या हातात आहे, मावशी, तिथूनच जा.

खतावणी, रत्नागिरी
आणि भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करा, नाहीतर भरलं ते न भरल्यासारखं. आधारचा ओटीपी पुरतो.

कातळावरची बाई, देवगड
भरलं. दोन संध्याकाळी गेल्या, ओटीपीसाठी भाच्याला फोन घेऊन गडग्यावर उभा केला. रिफंड ८,४०० दिसतोय, फी शून्य. खर्चात राखणदार, पेट्या, गवत सगळं बसलं. वांदरांनी खाल्लेला आंबा कुठल्या रकान्यात लिहायचा, ते मात्र सापडलं नाही.