कष्टाच्या कामासाठी पॅण्ट कशी निवडावी? आपापले अनुभव सांगा

सातपूरकर फिटर
मुलाला सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, म्हणून त्याच्यासाठी कामावर घालायच्या पॅण्ट घ्यायला आम्ही दोघे नाशिकच्या मेन रोडवर गेलो होतो. दुकानदाराने पुढे टाकलेली प्रत्येक पॅण्ट पातळ, ताणली जाणारी आणि पोटरीला चिकटून बसणारी होती. ‘आता हेच चालते, काका,’ असे तो म्हणाला आणि मला सातपूरला लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काढलेली वर्षे आठवली. तेव्हा आम्हाला कारखान्याकडून खाकी ड्रिलचे (जाड, तिरक्या विणीचे सुती) कापड आणि शिलाईचे पैसे मिळत. ते कापड सुरुवातीला इतके ताठ असे की नवी पॅण्ट घातलेला माणूस चालण्यावरूनच ओळखू येई, पण पावसाळा संपेपर्यंत तीच पॅण्ट अंगाला अशी बसे की तिच्यावाचून करमत नसे.

लेथवर उभ्या राहणाऱ्याची पॅण्ट कूलंट (धातू कापताना थंड ठेवायचे पाणी) उडून पुढून भिजते, गरम बुरा मांडीवर पडून तिला बारीक भोके पडतात आणि पाना ठेवून ठेवून मागचा खिसा कोपऱ्यातून उसवतो. त्यामुळे कापड पाहण्याआधी आपले काम पॅण्टला कुठे खाते ते पाहावे, असे माझे मत झाले आहे. प्रत्येकाची पॅण्ट पहिल्यांदा कुठे फाटते आणि त्यावर त्याने काय उपाय केला, हे येथे कळले तर मुलासाठी खरेदी करताना मला उपयोग होईल.

ठिणगीशी गाठ (अंबड)
काका, मी फॅब्रिकेशनमध्ये आहे आणि माझे उत्तर एका वाक्यात सांगता येईल: वेल्डिंग आणि ग्राइंडिंग करणाऱ्याने पॉलिस्टरची पॅण्ट फुकट मिळाली तरी घालू नये. सुती कापडावर ठिणगी पडली की ते करपते आणि वेळीच झटकले तर काळे भोक राहून प्रकरण मिटते, पण पॉलिस्टर साधारण 250 ते 260 अंशांना वितळते आणि तो वितळलेला थेंब कातडीला चिकटून बसतो. माझ्या पोटरीवर त्याची खूण अजून आहे.

दुसरी गोष्ट मोहरीची, म्हणजे पॅण्टच्या पायाच्या खालच्या कडेची. मोहरी बाहेरून दुमडलेली असेल तर त्या घडीत ठिणग्या जाऊन बसतात आणि धूर दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. मोहरी सरळ असावी, ती बुटाच्या वर उतरावी आणि पुढचे खिसे तोंड वासलेले नसावेत.

दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी शिवणीच्या आतले दोन-चार धागे मागून घ्यावेत आणि दुकानाबाहेर काडी लावून पाहावे. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मागे भुरभुरीत राख राहते. पॉलिस्टर आकसतो आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही थोडे थोडे दिसते.

सातपूरकर फिटर
काडीची परीक्षा मला ठाऊक होती, पण मेन रोडवर दुकानासमोर काडी ओढायची म्हणजे मुलगा पुन्हा माझ्याबरोबर खरेदीला येणार नाही.

दिंडोरीचा बागाईतदार
शेतातल्या कामाला एक पॅण्ट पुरत नाही, हे मला आधी सांगितले पाहिजे. द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पहाटे बागेत शिरले की दवाने गुडघ्यापर्यंत पाय भिजतात. जाड जीनची पॅण्ट असेल तर ती दुपारपर्यंत वाळत नाही आणि तेवढा वेळ ते ओझे वागवावे लागते. म्हणून छाटणीला आणि वेलीचे डोळे (अंकुर) फुटण्याच्या काळात मी हलक्या ड्रिलची, सैल मांडीची पॅण्ट वापरतो.

फवारणीची पॅण्ट मात्र मी पूर्णपणे वेगळी ठेवली आहे. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे निळे डाग त्या पॅण्टवरून कधीच जाणार नाहीत आणि ते जावेत अशी माझी इच्छाही नाही, कारण त्या डागांमुळे घरात कोणी ती चुकून घालत नाही. कीटकनाशक मारून आल्यावर ती पॅण्ट मुलांच्या कपड्यांबरोबर भिजत घालू नये; ती वेगळ्या बादलीत, वेगळ्या पाण्याने धुवावी. सुती कापड औषध शोषून घेते आणि ते कातडीजवळच धरून ठेवते, म्हणून फवारताना पॅण्टवरून प्लॅस्टिकचा पुढा (एप्रन) बांधावा आणि पाय गमबुटाच्या आत न खोचता मोहरी गमबुटावर सोडावी. तसे केले नाही तर ओघळ थेट बुटात उतरतो.

लाइनवरची ताई
आतापर्यंत सगळे दादा आणि काकाच बोलले, म्हणून मी लिहिते. अंबडला जुळणीच्या कामावर आम्ही बऱ्याच जणी आहोत आणि कंपनीने दिलेली पॅण्ट पुरुषांच्या मापाची आहे. कंबर बरोबर बसवली तर नितंबावर घट्ट होते आणि नितंबावर बसवली तर कंबरेला मूठभर कापड गोळा होते, त्यावर पट्टा आवळला की दिवसभर पोटात रुतत राहतो. उलट बाजारात बायकांची म्हणून जी पॅण्ट मिळते तिला खिसा असतो तो नावापुरता. त्यात बोटांची पेरे मावतात, पण स्क्रूड्रायव्हर किंवा मोबाइल मावत नाही.

मी शेवटी मागच्या बाजूला अर्ध्या कंबरेत इलास्टिक घालून घेतले आणि पुढचा पट्टा साधाच ठेवला. बसताना, वाकताना आणि महिन्याच्या त्या दिवसांत पोट फुगलेले असतानाही तेवढी जागा पुरते. अंगभर डांगरीचा प्रयोगही आमच्याकडे झाला होता. यंत्राजवळ ती चांगलीच, कारण लोंबणारे काही नसते. पण स्वच्छतागृहात दर वेळी ती खांद्यापासून उतरवावी लागते आणि सुट्टी असते दहा मिनिटांची, याचा विचार ती निवडणाऱ्याने केलेला नव्हता.

गोणीवाला, लासलगाव
ताई, खिशाचे दुःख तुमचे तुम्हाला, आमची पॅण्ट फाटते ती आसनातच, म्हणजे दोन पायांच्या मधे. पन्नास किलोची कांद्याची गोणी पाठीवर घ्यायला खाली बसलो की आवाज येतो आणि मग सगळ्या मार्केटला कळते. बरेच जण म्हणूनच बर्मुडा घालतात, पण बारदान मांडीला घासले की कातडी सोलते. उपाय कोणाला ठाऊक असेल तर सांगावा.

पंचवटीतला शिंपी
गोणीवाले दादा, उपाय आहे आणि तो जुना आहे. चार शिवणी जिथे एका बिंदूवर भेटतात तिथे पॅण्ट फाटते, कारण बसताना सगळा ताण त्या एका ठिकाणी येतो. तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा घातला की तो बिंदूच नाहीसा होतो, ताण चार बाजूंना वाटला जातो आणि पाय फाकायला जागाही मिळते. तयार पॅण्टलाही हा तुकडा नंतर बसवता येतो. मात्र आसनाची उंची मुळात कमी असेल तर कोणताही तुकडा वाचवणार नाही. हल्लीच्या पॅण्टची कंबर खाली बसते, त्यामुळे वाकल्यावर मागून ती आणखी खाली ओढली जाते आणि ताण आसनावर येतो. कामाच्या पॅण्टची कंबर बेंबीच्या जवळपास असावी.

माझ्याकडे कामगार माप द्यायला येतो तेव्हा मी त्याला उकिडवे बसायला सांगतो. उभ्याचे आणि बसलेल्याचे माप मागून बरेच वेगळे येते. सुती कापड शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि दोष शिंप्याला मिळतो. शिवण उलट्या बाजूला नुसती ओव्हरलॉक केलेली नसावी. कापडाच्या दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दोन शिलाया मारलेल्या असाव्यात, म्हणजे आत घासणारी कडाही उरत नाही. खिशाचे अस्तर जाड मांजरपाटाचे असावे. दुकानात पॅण्ट घेताना लोक बाहेरचे कापड चाचपतात, पण खिशात हात घालून अस्तर पाहत नाहीत, आणि पॅण्ट धड असताना नाणी मात्र पायातून खाली येऊ लागतात.

खिशाच्या कोपऱ्याला तांब्याचा रिव्हेट (ठोकून बसवायचा खिळा) मारण्याची युक्ती अमेरिकेतल्या रेनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याची. त्याने लेव्ही स्ट्रॉस या कापडाच्या व्यापाऱ्याबरोबर 20 मे 1873 रोजी तिचे पेटंट घेतले. व्यापाऱ्याचे नाव जगभर झाले आणि शिंपी मागे राहिला, हे आमच्या धंद्याला शोभेसेच झाले.

फरशीवाला, सिडको
आमचे गुडघे बोलतात. दिवसभर गुडघ्यांवर सरकत काम करायचे, त्यात खाली ओले सिमेंट. ओले सिमेंट तीव्र अल्कली असते आणि भिजलेले कापड ते कातडीला लावून ठेवते, त्यामुळे संध्याकाळी गुडघ्यांची जी आग होते ती नुसती घासण्याची नसते, भाजल्याची असते. फाटल्यावर ठिगळ लावण्यापेक्षा नव्या पॅण्टलाच गुडघ्यावर आणखी एक थर बाहेरून शिवून घ्यावा आणि त्याची वरची बाजू उघडी ठेवावी, म्हणजे आत फोमचा तुकडा सरकवता येतो. खालच्या शिवणीत दोन बोटे फट ठेवावी, नाहीतर त्या खिशात वाळू साठते. पॅण्ट भिजली तर जेवणाच्या सुट्टीत गुडघे धुवून दुसरी घालावी.

खांबावरचा माणूस
मी वायरमन आहे आणि इगतपुरीच्या बाजूला काम करतो. ठिणगीवाल्या दादांचे म्हणणे विजेच्या कामालाही लागू आहे, कारण स्पार्क झाला तर पॉलिस्टर अंगावर वितळते. पण आमच्याकडचा पाऊस पाहिला तर सुती पॅण्टचे काय होते हेही सांगायला हवे. जून ते सप्टेंबर ती कधी वाळतच नाही आणि वजनाने खाली ओढली जाते. त्यामुळे गोदामात किंवा गाडीवर काम असेल त्या दिवशी मी पॉलिस्टर-सुती मिश्रण वापरतो आणि खांबावर चढायचे असेल तेव्हा ओली का होईना, सुतीच घालतो. सेफ्टी बेल्ट कंबरेवर आणि मांडीवर आवळला जातो, म्हणून मांडीवरचे जादा खिसे आम्हाला नकोत. त्यातली वस्तू पट्ट्याखाली येऊन रुतते.

मागवाला, मालेगाव
ओल्या सुती कापडाबद्दल थोडे सांगतो. सुती धागा ओला झाल्यावर कमजोर होत नाही, उलट कोरड्यापेक्षा मजबूत होतो. ओल्यात कमजोर होतो तो रेयॉन. त्यामुळे ‘मऊ, गार लागणारी’ म्हणून रेयॉन मिसळलेली पॅण्ट घामाच्या कामाला घेऊ नये. सुती आणि पॉलिस्टरमधला फरक ओलावा धरण्यात आहे. सामान्य हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण 8 टक्के ओलावा धरतो, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून ते लवकर वाळते आणि म्हणूनच त्यात घाम अंगावरच राहतो.

ड्रिल किंवा जीन टिकते ते विणीमुळे. साध्या विणीत धागा एक वर, एक खाली असा जातो. ड्रिलमध्ये तो दोन किंवा तीन धाग्यांवरून जाऊन मग एकाखाली शिरतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त धागे दाटून बसतात आणि कापडावर तिरकी रेघ दिसते. ती रेघ शोधावी आणि वजन विचारावे. नाशिकच्या उन्हाळ्यात दर चौरस मीटरला 240 ते 280 ग्रॅमचे ड्रिल पुरेसे आहे; 12 औंसाची जीन त्याच मोजणीत 400 ग्रॅमच्या आसपास जाते आणि मे महिन्यात सहन होत नाही. आमच्याकडे एवढे कापड विणले जाते आणि मागावर उभा राहणारा मात्र बहुधा लुंगीत असतो, यावर कोणी हसू नये.

धुणाऱ्यांच्या वतीने
हसत नाही, दादा. लुंगी धुवायला सोपी असते. आमच्या ह्यांच्या पॅण्टचे तेल काढताना मला जे कळले ते असे: तेलाच्या डागावर पाणी पडण्याआधी भांडी घासायचा लिक्विड साबण चोळून ठेवावा, पॅण्ट उलटी करून धुवावी, उलटीच सावलीत वाळत घालावी आणि धुण्यात टाकण्याआधी खिसे झटकावेत, कारण लोखंडाचा बुरा मशीनमध्ये गेला तर पुढच्या धुण्यात तो साड्यांमध्ये निघतो. इलास्टिक असलेली पॅण्ट उकळत्या पाण्यात घालू नये, त्याने ताण मरतो.

आणखी एक गोष्ट पुरुष मंडळी बोलत नाहीत म्हणून मी लिहिते. ओली पॅण्ट आणि ओली आतली चड्डी दिवसभर अंगावर राहिली की जांघेत गजकर्ण होते. मग मेडिकलमधून कोणतेतरी मलम आणून लावतात. त्यात स्टेरॉइड असले तर खाज थांबल्यासारखी वाटते आणि गजकर्ण पसरत जाते. डॉक्टरांना दाखवावे आणि कामावर एक कोरडी पॅण्ट ठेवावी.

सातपूरकर फिटर
सर्वांचे आभार. मुलाचे काम सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर आहे, म्हणजे ठिणगी कमी आणि कूलंट जास्त. सुती ड्रिलच्या दोन पॅण्ट शिवून घ्याव्यात असे आता वाटते. मुलगा मात्र अजून ताणल्या जाणाऱ्या पॅण्टवर अडून आहे. त्याचे म्हणणे असे की, फिरत्या यंत्राजवळ कपडा अंगासरशी असावा हे कायद्यातच होते, आणि 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 22 मध्ये चालत्या यंत्राची तपासणी, वंगण किंवा जुळवाजुळव करणाऱ्याला घट्ट बसणारे कपडे मालकाने पुरवावेत असे लिहिलेले होते, त्यामुळे मला गप्प बसावे लागले.

पंचवटीतला शिंपी
काका, अंगासरशी आणि आवळलेली यांत फरक आहे. मांडीत बसण्यापुरती जागा ठेवून गुडघ्याखाली निमुळती केली तर मोहरी कुठे अडकत नाही आणि मुलालाही ती जुनाट वाटणार नाही. फारच हट्ट असेल तर दोन टक्के ताणाचा धागा असलेले सुती ड्रिल मिळते. ते मशीनवरच्या कामाला चालेल, वेल्डिंगला नाही. त्याला मापाला पाठवताना सेफ्टी शूज घालून पाठवा, कारण चपलेवर घेतलेली उंची बुटावर आखूड पडते.

गोणीवाला, लासलगाव
मास्तर, तो आसनातला तुकडा तयार पॅण्टला बसवायला किती दिवस लागतात? सोमवारी आवक जास्त असते, त्याआधी झाले तर बरे.