जॅझ गायिका सारा व्हॉनचा पाया पियानोत होता. ख्याल शिकलेल्या मुलीने जॅझ कुठून धरावं?

गोदाकाठ_गंगापूररोड

पुतणीची गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा परीक्षा झाली आहे, पट्टी काळी पाच. सारा व्हॉनचा १९५४ चा ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राउनबरोबरचा अल्बम ऐकून तिने त्यातलं 'ललबाय ऑफ बर्डलँड' बसवायला घेतलंय. एकटी गाते तेव्हा सुरात असते. कीबोर्डची साथ सुरू झाली की मधल्या भागात हरवते, आणि स्कॅट (शब्दांऐवजी निरर्थक अक्षरांवर उत्स्फूर्त गाणं) करायला गेली की ऐकणाऱ्याला तानच वाटते. व्हॉन स्वतः काय शिकून आली होती? आणि नाशकात राहून रियाजाचा क्रम काय ठेवावा?

खर्जाचा_सूर

व्हॉनचा जन्म १९२४ चा, न्यूअर्कचा. लहानपणापासून पियानो, शिवाय चर्चमध्ये ऑर्गन. १९४२ मध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरची हौशी स्पर्धा जिंकली. बक्षीस १० डॉलर आणि तिथेच आठवडाभर गाण्याची संधी. १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये गेली ती गायिका आणि दुसरी पियानिस्ट म्हणून. डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर तेव्हा त्याच बँडमध्ये होते. १९४४ ला बिली एक्स्टाइनच्या बँडमध्ये. म्हणजे बीबॉप (गिलेस्पी-पार्करनी पुढे आणलेली नवी जॅझ शैली) घडत होता तेव्हा ही बाई कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) वाजवणाऱ्यांच्या बाजूलाही बसत होती. तिच्या गळ्याचं कौतुक सगळे करतात, पण ती मधेच अनपेक्षित स्वरावर जाऊन सहीसलामत परत येते ते खालची कॉर्ड माहीत असल्यामुळे.

पुतणी हरवते त्याचं कारण हेच असणार. हे गाणं मायनरमध्ये (कोमल गंधाराची स्वरावली) सुरू होतं आणि त्याच कोमल गंधाराला सा मानणाऱ्या मेजरमध्ये (शुद्ध गंधाराची) जाऊन टेकतं. ती मनातला तानपुरा पहिल्या सा वर धरून बसली असेल तर पुढचं सगळं परकं वाटणारच. जॅझच्या रियाजाला तानपुरा बंद. इलेक्ट्रॉनिकही नको.

६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड पुरे. पांढरी एकला सा धरा. डाव्या हाताने रे (४ मात्रा), प (४), सा (८). उजव्या हाताने त्यावर डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन (सेव्हन म्हणजे मूळ स्वरापासूनचा सातवा स्वरही असलेली कॉर्ड). गळ्याने आधी फक्त म – म – ग. मग सां – नि – नि. या दोन ओळी म्हणजे त्या कॉर्डचे तिसरे आणि सातवे स्वर, आणि कॉर्ड बदलल्याचं कानाला तिथेच कळतं. मींड नाही, कण नाही, स्वर सरळ. हे जमलं की बाराही पट्ट्यांत.

पुढचा धडा 'आय गॉट रिदम' या जॅझमधल्या नेहमीच्या गाण्याचा मधला भाग: मूळ स्वर ग, ध, रे, प, प्रत्येकी ८ मात्रा, सगळ्या सेव्हन्थ कॉर्ड. त्यांचे तिसरे स्वर अनुक्रमे कोमल ध, कोमल रे, तीव्र म, शुद्ध नि. ख्यालवाल्याला हे चार स्वर पाहून पुरिया धनाश्री सुचेल आणि गळा तिकडे ओढेल. तोच धोका. इथे राग नाही, दर ८ मात्रांनी घर बदलतंय.

अजून एक. तानपुऱ्यातला गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली असतो. पियानोच्या साथीवर तिने लांब धरलेला ग उतरलेला वाटला तर मुलीच्या कानात दोष नाही, फक्त साथीच्या स्वराला मिळवून घ्या.

बत्तीस_बार

कीबोर्डचं मान्य, पण तोच एकमेव रस्ता नाही. गायिका एला फिट्झजेराल्ड अशी पियानिस्ट नव्हती. १९३४ ला अपोलोची स्पर्धा जिंकली ती गायिका कॉनी बॉस्वेलच्या ढंगाने गाऊन, आणि १९३५ पासून ड्रमर चिक वेबचा बँड हीच तिची शाळा. १९३९ ला वेब वारला तेव्हा बँड तिच्या नावाने चालला. रोज रात्री नाचणाऱ्यांसाठी गायचं म्हणजे लय हाडात मुरते.

आपल्याकडच्या गायकांचं घोडं लयीतच अडतं. हे गाणं ३२ बारचं (एक बार म्हणजे ४ मात्रा), अ-अ-ब-अ अशा चार भागांचं. एक फेरी १२८ मात्रा, म्हणजे तीनतालाची आठ आवर्तनं, प्रत्येक भागाला दोन. मोजायला सोपं. पण वजन समेवर नाही, प्रत्येक बारच्या २ आणि ४ वर. मेट्रोनोम ६० ला लावा आणि प्रत्येक ठोका २ किंवा ४ समजा, म्हणजे खरी लय १२०. थोड्या वेळाने ठोका नकळत १ वर सरकतो. सरकला की थांबून पुन्हा सुरू करा, ओढूनताणून जुळवू नका.

स्विंगसाठी प्रत्येक मात्रेची तिगुण करा आणि मधला भाग म्हणू नका. फार द्रुत लयीत मात्र दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात. तिथे तिगुण धरली तर गाणं उड्या मारतं.

स्कॅट तान वाटते कारण आकार आहे आणि श्वास संपेपर्यंत स्वर चालूच. व्यंजनं घ्या (दू, बा, द्या), दोन बार गा, दोन बार गप्प. त्या अल्बममधल्या क्लिफर्ड ब्राउनच्या ट्रंपेटचे चार-चार बार गाऊन पाठ करा. गायिकेची नक्कल नंतर.

गोदाकाठ_गंगापूररोड

पट्टी काळी पाचच ठेवावी का? आणि जॅझ गाणाऱ्या आशा पुथली तर हिंदुस्तानी शिकूनच गेल्या होत्या ना?

खर्जाचा_सूर

पट्टी सा वरून ठरवू नका. चालीतला सर्वांत खालचा आणि वरचा स्वर काढा, दोन्ही आरामात लागतील अशी पट्टी घ्या. ती बहुधा वेगळीच निघेल. कागदावर पट्टीचं पाश्चात्त्य नाव लिहा, जसं 'काळी पाच'ऐवजी 'बी फ्लॅट'. ट्रंपेटवाला असेल तर त्याचा कागद एक पूर्ण स्वर वर लिहावा लागतो, नाहीतर पहिल्याच बारला गोंधळ.

आशा पुथली मुंबईच्या, हिंदुस्तानीबरोबर ऑपेराही शिकलेल्या. १९७१ ला सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या 'सायन्स फिक्शन'मध्ये दोन गाणी गायल्या. पण कोलमनचं संगीत ठरलेल्या कॉर्डच्या साखळीवर चालत नाही, म्हणून तिथे रागाचा गळा थेट कामी आला. बर्डलँडसारख्या गाण्याला ते उदाहरण लावू नका.

नाशकात डबल बास शोधत बसू नका. चर्चमध्ये वाजवणारा कीबोर्डवाला किंवा ऑर्केस्ट्रातला गिटारवाला गाठा, मात्र साध्या मेजर-मायनर नको, सेव्हन्थ कॉर्ड हव्यात हे आधी सांगा. आणि मुंबईला एनसीपीएचे (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जॅझचे कार्यक्रम ऐकायला न्या. पंचवटी एक्सप्रेस संध्याकाळीच परत निघते, त्यामुळे रात्रीच्या मैफलीनंतर मुक्कामाची सोय हवी.