कुत्र्याला घेऊन समुद्रावर: तुमचा एखादा निवांत दिवस सांगा

मंडळी, किनाऱ्यावर गर्दी नाही, परतायची घाई नाही आणि सोबत आपलं कुत्रं. असा दिवस वाट्याला आला असेल तर सविस्तर लिहा. वेळ कुठली गाठता, काळजी काय घेता, तेही सांगा. सुरुवात मी करते.

गुहागर
मी तिथी बघून निघते. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी सहाला पाणी पार मागे गेलेलं असतं आणि चालायला ओली, घट्ट वाळू मिळते. ही वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. अष्टमीला सकाळी भरतीच असते, तेव्हा आम्ही सुरूच्या बनातून फिरतो.

मोती गावठी आहे. पाण्याचं त्याला काही नाही, वेड कुर्ल्यांचं. बिळाशी पुढचा एक पाय उचलून थांबतो, नाक आत घालतो, जोरात हुंगतो आणि वाळू गेली की सटासट शिंकतो. की लगेच पुढचं बीळ! तासाभरात आम्ही फार लांब जातच नाही, आणि मला तेच हवं असतं.

मालवण
ताई, कुर्ल्या ठीक आहेत, पण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की नको असलेली मासळी वाळूवर पडलेली असते. तिथे दोरी आखूड धरा. त्यात फुगणारा केंड मासा असतो. तो विषारी, आणि सुकला तरी विष जात नाही.

वर्सोवा
पावसाळ्यात निळ्या जेलीफिश किनाऱ्याला लागतात, मेलेल्यासुद्धा डंखतात. म्हणून आम्ही दिवाळीनंतरच जातो. तेव्हा कुरव पक्षी आलेले असतात. बिचारे लांबून आलेत, त्यांच्यामागे धावायचं नाही, एवढं शेरूला शिकवलंय.

भाट्ये, रत्नागिरी
आमची लॅब्रॅडॉर आता म्हातारी झाली, मागचे पाय धरतात. बनातून पाण्याकडे निघालो की अर्ध्या वाटेत बसते. मग मीही बसतो. वाऱ्यावर नाक धरून, डोळे मिटून ती कितीतरी वेळ हुंगत असते, नाकपुड्या सारख्या हलत असतात. पूर्वी लाटेत घुसून नारळाचं सोडण आणायची आणि पायाशी टाकायची. आता सोडण मी शोधून आणतो, ती त्यावर हनुवटी टेकते. कितीही कामं असोत, ही वेळ मी चुकवत नाही.

दापोली
नोव्हेंबर ते मार्च आमच्या पट्ट्यात कासवं अंडी घालायला येतात. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी हे काम फार मनापासून केलंय. अंडी कुंपणात हलवतात, पण पहाटे एखादं घरटं अजून उघड्यावर असू शकतं आणि कुत्र्याला वास लगेच लागतो. त्या महिन्यांत दोरी अजिबात सोडू नका, कळकळीची विनंती.

भाट्येच्या दादा, म्हातारीचे पंजे घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुता ना? बोटांच्या बेचक्यात खारी वाळू राहिली की चरचरतं. नीट पुसून कोरडे करा.