‘हायब्रिड एअर’: बॅटरी नसेल, तर ऊर्जा साठते कुठे?

प्रश्न: प्यूजो-सिट्रोएन समूहाने २०१३ साली बॅटरीऐवजी दाबाखालच्या हवेचा वापर करणारे पेट्रोल-हायब्रिड तंत्र जाहीर केले होते. त्याने इंधन नेमके कसे वाचते आणि अशा गाड्या बाजारात का आल्या नाहीत, याचा खुलासा कोणी करू शकेल का?

उत्तर १: नावात हवा असली, तरी टाकीत नायट्रोजन असतो, कारण उच्च दाबाखाली तेल आणि ऑक्सिजन एकत्र आल्यास भडका उडण्याचा धोका असतो. ब्रेक दाबला की चाकांच्या गतीवर हायड्रॉलिक पंप फिरतो, तो टाकीत तेल ढकलतो आणि त्या तेलाने नायट्रोजन दाबला जातो; गाडी पुन्हा निघताना तोच वायू प्रसरण पावून तेल मागे रेटतो व हायड्रॉलिक मोटरद्वारे चाके फिरवतो. त्यामुळे सिग्नलपाशी सतत थांबणाऱ्या गाडीला याचा खरा फायदा, महामार्गावर मात्र जवळजवळ नाही.

उत्तर २: मुख्य अडचण साठ्याची आहे. अशा टाकीत लिटरमागे मावणारी ऊर्जा पेट्रोलच्या शंभराव्या भागाइतकीही नसल्यामुळे, केवळ हवेवर गाडी फार तर काही शे मीटर जाते. शंभर किलोमीटरला २.९ लिटरचा दावा आकर्षक होता, पण विकासखर्च वाटून घेणारा भागीदार न मिळाल्याने प्रकल्प बारगळला.

प्रश्नकर्ता: गाडी तासभर उभी राहिल्यास दाब टिकतो का?

उत्तर १: गळती नसली, तरी दाबताना तापलेला वायू निवत जातो आणि तेवढा दाब उतरतो. म्हणून साठवलेले लगेच वापरलेले बरे.